निरंक

घरापासून दूर नोकरी करणाऱ्या माणसाच्या आयुष्यात एका वाक्याला फार मोठे स्थान असते. आमच्या आजोबांच्या काळी ते पोस्टकार्डाच्या माथ्यावर असे : 'इकडील सर्व क्षेम, तिकडील क्षेम कळवावे.' पुढे पोस्टकार्ड मागे पडले, दूरध्वनी आला, आणि त्या वाक्याचे 'काय, बरं आहे ना सगळं?' आणि 'हो, बरं आहे' असे दोन तुकडे झाले. गोम मात्र तीच राहिली. या वाक्याने प्रत्यक्षात काहीच कळत नाही. कळले, असे वाटते एवढेच.

आम्हां कचेरीतल्या मंडळींना याच जातीचा आणखी एक शब्द परिचयाचा आहे. दूरच्या शाखेकडून दरमहा अमुक बाबींची माहिती मागवावी, आणि तिकडून दरमहा एका शब्दाचे उत्तर यावे : 'निरंक'. म्हणजे कळविण्यासारखे काही नाही. असे पत्रक आले, की माझ्यासारखा कारकून ते निश्चिंत मनाने फायलीला लावतो. हल्ली फाईल कागदाची नसून संगणकातली असते, पण निश्चिंतपणा तोच. 'निरंक'चे दोन अर्थ होऊ शकतात, हे त्याच्या ध्यानातही येत नाही. तिकडे खरोखरच काही घडलेले नसते; किंवा घडलेले कळविणारा माणूसच तिकडे उरलेला नसतो. यातला दुसरा अर्थ मला समजला, तो कचेरीत नव्हे. तो मला वडिलांच्या पायाशी बसून समजला.

आमचे आप्पा वाई तालुक्यात प्राथमिक शिक्षक होते. त्यांनी सारी नोकरी पायांनी केली, असे म्हटले तरी चालेल. पसरणीचा घाट ते हातात छत्री घेऊन चढत, आणि वरच्या शाळेत घंटा होण्याच्या आधी पोचत. वहाण झिजली की ती शिवून घेत. नवी घेतली तर ती चावते, अशी त्यांची तक्रार असे. पाय हा त्यांच्या अभिमानाचा विषय होता. निवृत्तीच्या सुमारास त्यांना मधुमेह झाला, त्याला आता १४ वर्षे होतील. गोळ्या वेळेवर, साखर बेताची, पहाटे घाटावर फेरी, असा त्यांचा क्रम. मी ९ वर्षे दिल्लीत आहे. या ९ वर्षांत दर रविवारी सकाळी मी वाईला फोन केला, आणि दर रविवारी आप्पांनी मला 'इकडे सगळं ठीक' असा अहवाल दिला. मीही तो दर रविवारी फायलीला लावला.

गेल्या जानेवारीत आई-आप्पा आमच्याकडे आले. निजामुद्दीन स्थानकावर मी त्यांना उतरवून घेतले. आप्पा गाडीतून उतरून फलाटावर दहा-पंधरा पावले चालले असतील, एवढ्यात मागून हमालाने हाक मारली. त्याच्या हातात एक चप्पल होती. आप्पांच्या डाव्या पायातली चप्पल डब्याच्या दारातच राहिली होती, आणि ते अनवाणी पायाने त्या गार फरशीवरून खुशाल चालत होते. आम्ही सगळे हसलो. "नातवाला पाहून भान राहिलं नाही," असे आई म्हणाली. आप्पाही हसले. त्या हसण्यात एक क्षणभर काहीतरी चोरटे होते, असे मला आज वाटते. तेव्हा वाटले नाही. पायातली चप्पल निसटावी आणि माणसाला ते कळू नये, ही मधुमेहाच्या डॉक्टरांच्या चांगल्या परिचयाची खूण आहे, हे मला पुढे समजले. आम्ही मात्र त्या खुणेला विसराळूपणा म्हणून मोकळे झालो.

दिल्लीची जानेवारीतली थंडी वाचकांपैकी पुष्कळांनी अनुभवली असेल. आमच्या रामकृष्णपुरम्मधल्या सरकारी घराच्या भिंती या दिवसांत बर्फाच्या लादीसारख्या होतात. आप्पांना थंडीपेक्षा पायांचीच तक्रार अधिक. "पाय गार पडलेत रे," असे ते दोन-तीनदा म्हणाले. ९ वर्षे ज्याला वडिलांची कसलीच सेवा करता आली नव्हती, त्या मुलाला एवढे निमित्त पुरे होते. मी शेकण्याची रबरी पिशवी काढली, तीत गरम पाणी भरले, आणि आप्पांच्या पायांशी ठेवली. थोड्या वेळाने विचारले, "शेक लागतोय ना?"

"कसला रे! कोमट आहे अगदी."

मी पाणी ओतून टाकले, आणि उकळते पाणी घातले. पिशवी टॉवेलात गुंडाळावी, हेसुद्धा मला सुचले नाही. कोमट वाटते म्हणणाऱ्याला फडके कशाला, असा माझा हिशेब. "आता?" मी विचारले. "हां, आता जरा बरं वाटतंय," असे आप्पा म्हणाले, ते माझे मन राखण्यासाठी.

सकाळी अंथरूण काढताना सौभाग्यवतीला चादरीवर पाण्यासारखा डाग दिसला. आप्पांच्या डाव्या तळपायाला, करंगळीखालच्या उंचवट्यापासून मध्यापर्यंत, लिंबाएवढा फोड येऊन फुटला होता. कातडे लोंबत होते. आणि आप्पा त्याच पायाने उठून, तोंड धुऊन, चहा घेऊन वर्तमानपत्र वाचीत बसले होते.

"आप्पा, दुखत नाही?" तिने घाबरून विचारले.

"छे ग. काही नाही."

ते 'काही नाही' अक्षरशः खरे होते. त्याच दिवशी आम्ही त्यांना रुग्णालयात नेले, तेव्हा डॉक्टरीणबाईंनी जखम पाहिली आणि त्या शांत राहिल्या. पण जखम दुखत नाही, हे ऐकल्यावर मात्र त्यांच्या कपाळावर आठी उमटली.

त्यांनी केलेली परीक्षा फार साधी होती. एक नायलॉनचा जाडसर धागा असतो. तो कातडीवर टेकवून वाकेपर्यंत दाबला, की १० ग्रॅमचा दाब पडतो. आप्पांना डोळे मिटायला सांगितले, आणि "बाबूजी, स्पर्श झाला की 'हो' म्हणा," असे सांगितले. आयुष्यभर मुलांची परीक्षा घेणारे माझे वडील हात मांडीवर ठेवून, डोळे मिटून, पहिल्या इयत्तेतल्या मुलासारखे बसले. गुडघ्याजवळ धागा टेकला. "हो." नडगीवर टेकला. "हो." घोट्याजवळ टेकला, तेव्हा उत्तर यायला जरा वेळ लागला. मग धागा पावलावर आला. अंगठा. करंगळी. तळव्याचा पुढचा भाग. टाच. पुन्हा अंगठा. धागा पाच-सहा वेळा वाकला. आप्पा तसेच बसून होते. थोड्या वेळाने, आपल्याला उगाच ताटकळत ठेवले आहे अशा समजुतीने, ते मिटल्या डोळ्यांनीच म्हणाले :

"हं, करा सुरुवात."

त्या क्षणी मला जे वाटले, ते मी येथे लिहू शकणार नाही. रात्री ओतलेले ते उकळते पाणी मला पुन्हा दिसले, एवढेच सांगतो.

त्यानंतर डॉक्टरीणबाईंनी घोट्याच्या हाडावर नादकाटा धरून त्याची थरथर जाणवते का ते पाहिले, आणि मग प्रश्नांना सुरुवात केली. मला वाटले होते, मधुमेह आहे म्हटल्यावर प्रश्नच मिटला. पण त्यांचे म्हणणे असे, की पायांचे मज्जातंतू बिघडण्याचे मधुमेह हे सर्वांत मोठे कारण खरे, तरी एकमेव नव्हे; आणि एका घरात एक चोर सापडला म्हणून दुसरा नसेलच असे समजू नये. एखादे कारण असे निघते, की ते दूर करता येते. ते शोधायचे राहून गेले, तर दोष मधुमेहाच्या माथी मारून आपण स्वस्थ बसतो.

मधुमेहासाठी कोणत्या गोळ्या घेता? मेटफॉर्मिन, १४ वर्षे. हे औषध चांगले आहे, ते आपल्या मनाने बंद करावयाचे नाही. पण वर्षानुवर्षे घेतल्याने काही जणांच्या आतड्यांतून बी-१२ हे जीवनसत्त्व पुरेसे शोषले जात नाही. आहार कोणता? शुद्ध शाकाहारी. बी-१२ हे दूध, अंडी, मांसमासळी यांतून मिळते. भाजीपाल्यात ते नसते. आप्पांचे दूध म्हणजे चहातले दोन चमचे. क्षयाची औषधे कधी घेतली होती का? त्यांतल्या आयसोनियाझिडमुळे शरीरातले बी-६ कमी होते, म्हणून ते सोबत द्यावे लागते. आणि गंमत अशी, की तेच बी-६ शक्तीचे औषध म्हणून मोठ्या मात्रेत वर्षानुवर्षे खाल्ले, तर त्यानेही मज्जातंतू बिघडतात. थायरॉइड? मूत्रपिंड? कर्करोगावरचे उपचार? कंबरेचे दुखणे? पण मणक्याशी शीर दाबली गेली, तर त्रास बहुधा एकाच पायाला होतो. आप्पांचे दोन्ही पाय सारखेच बधिर होते.

"मद्य?" त्यांनी विचारले. आप्पांचे कान लाल झाले. मी घाईने नकार दिला. त्या हसून म्हणाल्या, की हे विचारावेच लागते. दारू स्वतः मज्जातंतूंना विषासारखी असते. शिवाय पिणाऱ्याचे जेवण सुटते, आणि बी-१ या जीवनसत्त्वाचा तुटवडा पडतो. जावा बेटावर आइकमन नावाच्या डच डॉक्टराने पॉलिश केलेल्या तांदळावर वाढलेल्या कोंबड्यांचे पाय लुळे पडताना पाहिले, ते याच बी-१ च्या अभावामुळे. त्या निरीक्षणाचे चीज होऊन १९२९ साली त्याला नोबेल पारितोषिक मिळाले.

शेवटी त्यांनी आप्पांच्या अंगावर कोठे फिकट, बधिर चट्टा आहे का ते पाहिले. गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूला आणि घोट्याच्या आत बोटांनी चाचपून, मज्जातंतू जाड झाला आहे का ते पाहिले. हे कशासाठी, हे आप्पांनी ओळखले. "म्हणजे... महारोग?" ते दुखावल्या स्वराने म्हणाले. तरुणपणी आप्पा बाबा आमट्यांच्या सोमनाथच्या छावणीला जाऊन आले होते, त्या रोगाची भीती बाळगू नये हे त्यांनी वर्गातल्या मुलांना शिकविले होते. पण आपल्या पायाशी तो शब्द आला, तेव्हा शिक्षक मागे पडला आणि माणूस पुढे आला. तसले काही नव्हते. पण विचारणे आवश्यक होते. २००५ च्या डिसेंबरात आपल्या देशाने राष्ट्रीय पातळीवर कुष्ठरोगाचे प्रमाण दर १०,००० लोकांमागे एकाच्या खाली आणले हे खरे. तरी जगात दरवर्षी सापडणाऱ्या नव्या कुष्ठरोग्यांपैकी निम्म्याहून अधिक अजूनही भारतातच असतात.

त्या रात्री मी या विषयावर मिळेल ते वाचीत बसलो. कमरेपाशी कण्याजवळ ज्या पेशी असतात, त्यांतल्या काहींचा एकच अखंड तंतू पायाच्या बोटापर्यंत, म्हणजे सुमारे एक मीटर, जातो. तंतूला लागणारा बहुतेक माल त्या पेशीत तयार होतो, आणि तंतूच्या आतून पुढे पाठविला जातो. निकडीचा माल दिवसाला जास्तीत जास्त ४० सेंटीमीटर जातो. तो बोटापर्यंत पोचायला अडीच दिवस तरी लागतात. सावकाश जाणारा माल दिवसाला जेमतेम काही मिलिमीटर सरकतो. त्याला वर्षही लागते. म्हणजे एक स्पीड पोस्ट, एक साधे टपाल! रक्तात साखर वाढो, बी-१२ घटो, की दारूचे विष भिनो. टंचाई प्रथम जाणवते ती सर्वांत दूरच्या ठाण्यावर. म्हणून बधिरपणा बोटांच्या टोकांपासून सुरू होतो, आणि मोजा चढवावा तसा वर चढत जातो. तो गुडघ्याच्या आसपास आला, की मग हातांच्या बोटांची पाळी येते. मुख्यालयापासून दूर नेमणूक झालेल्या माणसाला हा न्याय समजावून सांगण्याची गरज नाही.

आणखी एक गोष्ट वाचली. १९४६ साली डॉ. पॉल ब्रँड हे शल्यविशारद वेल्लोरला आले. कुष्ठरोग्यांची बोटे रोगाने झडतात, असा तोवर सर्वांचा समज. ब्रँड यांनी दाखवून दिले, की बोटे रोग खात नाही. संवेदना गेल्यामुळे चटके, जखमा, घासणे काहीच कळत नाही, आणि अशा न कळलेल्या इजांनी ती नाहीशी होतात. बरे झालेल्या काही रोग्यांची बोटे रात्रीतून कुरतडली जात, त्याचा शोध घेता ते काम उंदरांचे निघाले. झोपलेल्या माणसाला पत्ताच नसे. मग त्यांना मांजरे पाळायला दिली. हे वाचताना माझ्या अंगावर काटा आला. आमच्या घरी उंदीर नव्हता. उकळत्या पाण्याची पिशवी घेऊन उभा असलेला एक आज्ञाधारक मुलगा होता.

वेदना ही शत्रू आहे, असे मी आजवर समजत होतो. प्रत्यक्षात ती दूरच्या ठाण्यावरची इमानी बातमीदार आहे. ती त्रास देते. अवेळी दार ठोठावते. पण ती आहे तोवर तिकडची खबर आपल्याला आहे. ती गेली, की निरंक पत्रके येऊ लागतात, आणि आपण सुखाने झोपतो.

तपासण्यांचे निकाल आले. साखर बेताबाहेर होती, आणि बी-१२ ही फारच कमी होते. चोर दोन निघाले. बी-१२ ची इंजेक्शने सुरू झाली. ते भरून निघते, आणि वेळेवर निघाले तर तंतूही बऱ्याच अंशी सावरतात. साखरेने केलेली हानी थोपविता येते, पण गेलेली संवेदना पूर्ण परत येण्याची आशा थोडी. जखमेचे मलमपट्टीवर भागले. हाडापर्यंत गेली असती तर पावलाचा काही भाग गमवावा लागला असता, हे डॉक्टरीणबाईंनी मला बाजूला घेऊन सांगितले. पाय टेकायचा नाही, ही शिक्षा आप्पांनी दहा आठवडे भोगली.

त्या दहा आठवड्यांत, एका संध्याकाळी पट्टी बदलताना, मी त्यांना विचारले, "हे केव्हापासून आहे?"

ते बराच वेळ खिडकीबाहेर पाहत राहिले. मग म्हणाले, "तीन वर्षं झाली असतील. आधी मुंग्या यायच्या. रात्री आग व्हायची. पांघरूण लागलं तरी सोसत नसे. मग हळूहळू ते थांबलं. वाटलं, बरं झालं. फक्त चालताना कापसावर पाय पडल्यासारखं वाटे. पहाटेची फेरी मी कधीच सोडली. अंधारात तोल जायचा."

"आणि मला फोनवर सांगितलं नाहीत?"

"तू तिकडे. सांगून तू काय करणार होतास? उगीच तुझ्या जिवाला घोर."

मला रागवायचे होते. पण मी बोललो नाही. कारण गेले सहा महिने माझ्याही पायांच्या बोटांना रात्री मुंग्या येत होत्या, आणि ते मी घरात कोणालाही सांगितले नव्हते. मीही शाकाहारी, दुपारचा डबा बरेचदा चहा-बिस्किटांवर भागविणारा. दुसऱ्या दिवशी मी रक्त तपासून घेतले. साखर ठीक होती. बी-१२ कमी होते. इंजेक्शने घेतल्यावर मुंग्या दोन-तीन महिन्यांत गेल्या. मला वडिलांकडून हस्ताक्षर आणि रुंद कपाळ मिळाले, असे सगळे म्हणतात. 'काही नाही' म्हणण्याची सवयही मिळाली होती, हे तेव्हा समजले.

निघण्यापूर्वी आप्पांसाठी मायक्रोसेल्युलर रबराची, मागे पट्टा असलेली चप्पल करून घेतली. असे मऊ रबर कुष्ठरोग्यांच्या बधिर पायांसाठी आपल्या देशात वर्षानुवर्षे वापरले गेले आहे, आणि आता ते मधुमेहींच्या कामी येते. मी हे आप्पांना सांगावे की नाही, या विचारात होतो, अखेर सांगितले. ते थोडा वेळ चप्पल उलटसुलट करून पाहत राहिले. "म्हणजे त्यांच्या पायांनी आमच्यासाठी वाट केली म्हणायची," असे म्हणाले, आणि त्यांनी ती पायांत घातली.

आप्पा एप्रिलमध्ये वाईला परतले. रविवारचा फोन चालूच आहे; पण प्रश्न बदलला आहे. 'बरं आहे ना सगळं?' हे मी विचारीत नाही. "पाय पाहिलेत का?" असे विचारतो. आप्पांनी त्यासाठी दाढीचा आरसा ठेवला आहे. रोज अंघोळीनंतर ते पाय कोरडे करतात, आरसा जमिनीवर ठेवून तळवे पाहतात, बोटांच्या बेचक्या पाहतात. पाणी गरम आहे की नाही ते आई कोपराने पाहते, आणि ती सांगेतो आप्पा बादलीला हात लावीत नाहीत. चप्पल घालण्यापूर्वी तीत खडा नाही ना, हे हात घालून पाहतात. जे तंतूंनी कळवायचे, ते आता डोळ्यांनी आणि माणसांनी कळवायचे. काम वाढले आहे, पण बातमी येते.

मागच्या रविवारी आप्पांनी जुन्या शाळातपासणीच्या थाटात मला अहवाल दिला : "उजवा पाय, ठीक. डाव्या टाचेला एक बारीक चीर पडली आहे. काल दाखवून आलो. मलम दिलंय. आणि हे बघ, काल रात्री जरा एकटंही वाटलं."

मी फोन कानाशी धरून थोडा वेळ तसाच बसलो. ९ वर्षांत तिकडून आलेले हे पहिलेच पत्रक असे होते, की ज्यावर 'निरंक' लिहिलेले नव्हते.